पुंगळी

दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचा गोळीबाराचा सराव सुरू झाला, की लहानपणी आम्ही पोरं कान टवकारायचो. आवाजापेक्षा ओढ असायची ती पितळी पुंगळीची. ती कधी कुणाला मिळाली नाही. सरावानंतर रिकाम्या पुंगळ्या वेचून, मोजून परत द्याव्या लागतात, हे पुढं कळलं. पुंगळी पुन्हा भरता येते ना! जळालेली टोपी काढायची, नवी बसवायची, आत दारू, वर गोळी. अमेरिकेत हौशी नेमबाज हा उद्योग घरच्या टेबलावर करतात. आपल्याकडं १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे.

पण हातानं बार भरणं या मुलखाला नवं नाही. ३१ डिसेंबर १८१७च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण शिरूरच्या छावणीतून निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला पेशव्यांच्या फौजेशी भिडली. तेव्हाचं काडतूस म्हणजे कागदाची पुडी. दातानं फाडायची, दारू नळीत ओतायची, गोळी गजानं ठासायची. दारूत सोरा असतो. तो जिभेला लागला की घसा कोरडा पडतो. भीमा शेजारून वाहते आहे आणि सैनिकांना संध्याकाळपर्यंत पाणी नाही! लढाईच्या वर्णनात ही तहान मला सगळ्यात खरी वाटते.

१८५७ साली याच दातानं फाडण्यावरून भडका उडाला. गाईची चरबी, डुकराची चरबी; हिंदू-मुसलमान दोघांचाही धर्म एका पुडीत. शिपायांनी आपलं वंगण आपणच लावावं, अशी मुभा सरकारनं दिली होती. पण विश्वास एकदा उडाला, की मुभेनं परत येत नाही.

पुढं १८६९मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला आणि १८७८मध्ये लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. काडतूस करणार सरकार, बंदूक कुणी ठेवायची तेही ठरवणार सरकार. लगेच १८७९च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडके शिरूर तालुक्यातल्या धामारीवर चालून गेले. बंडाला माणसं हवीत, हत्यारं हवीत आणि दोन्हींना पैसा हवा. हाती लागले म्हणतात सुमारे चारशे रुपये. लष्करी हिशेबखात्यात नोकरी केलेल्या माणसाला ही बेरीज किती तोकडी आहे, हे कळलं नसेल का? जुलैत ते पकडले गेले. १८८३मध्ये एडनच्या तुरुंगात गेले.

माझ्या आजोबांकडं पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. उसात रानडुकरं शिरायची. त्यांना नुसतं हुसकायचं. मारून आमच्या घरी काय उपयोग? बार भरताना ते मला ओसरीवरून उठवायचे, "लांब बस रे पोरा, बिडीवाल्यालाही येऊ देऊ नको." एका पावसाळ्यात दारू दमट झाली म्हणून त्यांनी ती परातीत घालून चुलीपासून बऱ्याच अंतरावर वाळत ठेवली. ते अंतर पुरलं नाही. नशीब, घर वाचलं. उजव्या हाताची दोन बोटं मात्र कायमची आखडली.

त्यानंतर बंदूक भिंतीवर राहिली. डुकरं आली की आजोबा पत्र्याचा डबा बडवायचे, डाव्या हातानं.