प्रोग्रॅम नव्याने, फॉन्ट सोबत

नवा संगणक आला की जुन्यातील 'प्रोग्रॅम फाइल्स' हे फोल्डरच कॉपी करण्याचा मोह अनेकांना होतो. त्याचा उपयोग क्वचितच होतो. विंडोजमध्ये प्रोग्रॅमच्या नोंदी 'रजिस्ट्री'त असतात आणि फोल्डरबरोबर त्या येत नाहीत. म्हणून परवाना क्रमांक टिपून प्रोग्रॅम नव्याने इन्स्टॉल करावेत. छायाचित्रे, कागदपत्रे सरळ कॉपी होतात.

मराठीचा प्रश्न मात्र वेगळा. कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला कुलवृत्तान्त फॉन्टअभावी निरर्थक रोमन अक्षरांत दिसतो. वाचकाला फाइलच बिघडली असे वाटते. 'फॉन्ट्स' फोल्डरमधून तो फॉन्ट सोबत न्यावा, शक्यतो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. बॅकअपमधील फाइल नव्या यंत्रावर उघडून, वाचून पाहिल्याखेरीज जुनी हार्ड डिस्क पुसू नये.