प्राणवायु आणि दृष्टि

आंकड्यांविषयीं आपल्यांतील सुशिक्षितांचेंही मत फारसें अनुकूल नसतें. रोग्याच्या उशाशीं बसणाऱ्या वैद्यास जें कळतें, तें कोष्टकें मांडणाऱ्या गणित्यास काय कळणार, असा हा आक्षेप. नेत्रवैद्यकाच्या इतिहासांतील एक प्रकरण त्यापुढें ठेवावेंसें वाटतें.

१९४२ सालीं बोस्टन येथील नेत्रवैद्य टेरी यांनीं अपुऱ्या दिवसांच्या मुलांत आढळणाऱ्या एका नव्या अंधत्वाचें वर्णन केलें. भिंगामागें पांढुरका पडदा धरून मूल आंधळें होई. पुढील बारा वर्षांत सुमारें १०,००० मुलें अशीं दृष्टीस मुकलीं. आणि चमत्कार हा कीं, जेथें शुश्रूषा उत्तम तेथेंच रोग अधिक! न्यूयॉर्क येथें डॉ. सिल्व्हरमन यांनीं एसीटीएच हें अंतःस्रावाचें औषध ३१ मुलांस देऊन पाहिलें. २५ जणांची दृष्टि शाबूत राहिली. याहून स्पष्ट पुरावा तो कोणता? परंतु पुढें औषध कोणास द्यावें हें दैवावर सोंपवून तुलना केली, तेव्हां औषध घेतलेल्यांपैकीं सुमारें एकतृतीयांश मुलें आंधळीं झालीं, न घेतलेल्यांपैकीं एकपंचमांशच. हा रोग बहुधा आपोआपच ओसरतो; यश मात्र औषधाच्या पदरीं पडलें होतें.

१९५१ सालीं मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनीं प्राणवायूकडे बोट दाखविलें. मुलें जगावीं म्हणून जो वायु उबेच्या पेटींत मुक्तहस्तें सोडीत, तोच डोळ्यांचा वैरी! वॉशिंग्टन येथें याची परीक्षा चालली असतां कमी प्राणवायूच्या मुलांची तोटी परिचारिका रात्रीं हळूच वाढवीत, असें सांगतात. त्यांस दोष कोण देईल? १९५३ सालीं अमेरिकेंतील १८ रुग्णालयांनीं एक होऊन मोठा प्रयोग केला. त्यांत पहिले तीन महिने एकतृतीयांश मुलांस पूर्वीप्रमाणें मुबलक प्राणवायु दिला, बाकीच्यांस गरजेपुरताच. १९५४ सालीं संशयास जागा उरली नाहीं.

पण एक खोंच राहिलीच. या प्रयोगांत मूल घेतलें जाई तें जन्मानंतर ४८ तासांनीं. अशीं मुलें दगावतात तीं बहुतेक पहिल्या दोन दिवसांतच. त्यांची मोजदाद कोष्टकांत नव्हतीच. प्राणवायु सर्वत्र आंखडला गेला, आणि १९७३ सालीं लंडनच्या क्रॉस यांनीं अंदाज बांधला कीं, वांचलेल्या एका दृष्टीमागें सुमारें १६ मुलें प्राणांस मुकलीं असावींत. गणित चुकलें नव्हतें. प्रश्नच अर्धा विचारला होता.

उरलेला अर्धा प्रश्न २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या १,३१६ मुलांच्या प्रयोगांत विचारला गेला. रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण कमी राखलेल्या गटांत वांचलेल्यांपैकीं शेंकडा ८.६ मुलांस तीव्र नेत्रविकार झाला, अधिक राखलेल्या गटांत १७.९. मृत्यु मात्र पहिल्या गटांत १९.९, दुसऱ्यांत १६.२.