‘श्यामा’ खटला आणि मराठी प्रणयकथाकार : एक ऐतिहासिक टिपण

मराठी प्रणयकथेची चर्चा बहुधा ना. सी. फडके यांच्यापाशी सुरू होते व तेथेच थांबते. फडके हे महाविद्यालयीन प्राध्यापक. ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथात त्यांनी आपल्या लेखनामागील तात्त्विक भूमिकाही मांडली. मासिकांतून लिहिणाऱ्या नंतरच्या प्रणयकथाकारांची अशी बाजू क्वचितच मांडली गेली. चंद्रकांत काकोडकर हे त्याचे ठळक उदाहरण होय.

‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा प्रसिद्ध झाली. निशिकांत नामक कवीच्या प्रेमजीवनाची ही कथा अश्लील ठरवून भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ खाली खटला भरण्यात आला. दंडाधिकाऱ्यांनी लेखकास निर्दोष सोडले. उच्च न्यायालयाने मात्र दोषी ठरवून २५ रुपये दंड केला. रक्कम अल्प असली तरी अश्लीलतेचा शिक्का लेखकाच्या प्रतिष्ठेवर बसणारा होता. काकोडकरांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९६९ मध्ये न्यायालयाने संपूर्ण कथेचा विचार केला, समाजाचे मानदंड बदलत असल्याची दखल घेतली व त्यांना दोषमुक्त केले. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवर आधारित ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला.

कथेचा वाङ्मयीन दर्जा आणि तिची अश्लीलता हे दोन प्रश्न न्यायालयाने वेगळे मानले. वाङ्मयेतिहासात मात्र दर्जा कमी मानला की लेखकाची नोंदच टळते. दर्जाचा निर्णय समीक्षकाने करावा. परंतु हे लेखन कोठे छापले गेले व त्यास कोणी हरकत घेतली, याची नोंद इतिहासलेखकाने केलीच पाहिजे.