करींची गाडी

वसईच्या एव्हरशाईन सिटीतून पूर्वेला, हायवेच्या दिशेने निघालं की गोखिवरे, सातिवली, वालीव या पट्ट्यात औद्योगिक गाळ्यांच्या रांगा लागतात. शटर अर्धं वर, आत लेथ फिरतोय, बाहेर पायरीवर कुणी पाइप कापतोय, वेल्डिंगच्या ठिणग्या उडताहेत. एखाद्या गाळ्यात फायबरग्लासचं काम चालू असेल तर रेझिनचा उग्र वास रस्त्यापर्यंत येतो. या गाळ्यांकडे पाहून कुणाला मोटार रेसिंग आठवणार नाही. पण रेसिंग कारला लागतं ते हेच सगळं. स्टीलचे पाइप, सरळ हाताचा वेल्डर, फायबरचं कवच, आणि इंजिन उघडून पुन्हा बसवताना शेवटी एकही बोल्ट उरू न देणारा मिस्त्री.

ही गोष्ट भारतात ज्याला पटली आणि ज्याने ती प्रत्यक्ष गाडी बनवून दाखवली, तो माणूस महाराष्ट्रातला नव्हता. एस. करिवर्धन कोइमतूरचे. ओळखीचे सगळे त्यांना ‘करी’ म्हणत. करी म्हणजे हत्ती. पण या करींनी आयुष्यभर ध्यास घेतला तो हलक्या आणि चपळ गाड्यांचा. १९९५ साली एका विमान अपघातात ते गेले, तेव्हा वयाची चाळिशी ओलांडून फार काळ झालेला नव्हता. मराठीत त्यांच्याबद्दल फारसं लिहिलं गेलेलं नाही. खरं तर त्यांची गोष्ट समजायला इचलकरंजी-कोल्हापूरच्या वाचकाइतकं जवळचं दुसरं कुणी नसेल.

कोइमतूर म्हणजे आपल्याकडचं इचलकरंजी आणि कोल्हापूर एका गावात आणून ठेवल्यासारखं. एकीकडे सूतगिरण्या आणि कापड, दुसरीकडे फाउंड्री, पंप आणि मोटारी. गिरणीला यंत्रं लागतात, यंत्रांना सुटे भाग, सुट्या भागांना ओतकाम. या ओघात गावात कारागिरांच्या पिढ्या तयार झाल्या. शालेय शिक्षण अर्ध्यावर सोडलेले जी. डी. नायडू याच गावचे. इलेक्ट्रिक मोटरपासून दाढीच्या रेझरपर्यंत काय काय त्यांनी बनवलं! १९१० साली सुरू झालेली लक्ष्मी मिल्स ही इथली नावाजलेली गिरणी, आणि करिवर्धन त्याच घराण्यातले. घरात पैसा होता, यात शंका नाही. पण पैसेवाल्या घरातली मुलं रेसिंगमध्ये येत ती बहुधा गाडी चालवायला. करींना गाडीच्या पोटात काय आहे याची ओढ जास्त होती.

त्या काळचं भारतीय रेसिंग डोळ्यांपुढे आणलं तर ही ओढ किती वेगळी होती ते कळेल. आपल्याकडे खास बांधलेले ट्रॅक नव्हते. दुसऱ्या महायुद्धाने मागे ठेवलेल्या धावपट्ट्या होत्या. मद्रासजवळची शोलावरम ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ साली स्थापन झाला आणि पुढे कितीतरी वर्षं शोलावरमच्या शर्यती म्हणजे दक्षिणेतली जत्राच झाली. कलकत्त्याकडे बराकपूर होतं. मुंबईत जुहू होतं. जे. आर. डी. टाटांनी १९३२ साली कराचीहून टपाल घेऊन जिथे विमान उतरवलं, त्याच जुहूच्या धावपट्टीवर पुढे मोटारींच्या शर्यतीही झाल्या.

धावायचं कशावर, हा मात्र कायमचा प्रश्न. ॲम्बॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड एवढंच बाजारात मिळे. परदेशी गाडी आणायची तर आयात परवाना आणि जबर शुल्क. त्यामुळे शोलावरमला एकाच दिवशी दोन जगं दिसत. एका बाजूला घासूनपुसून, हेड कापून, कार्ब्युरेटर बदलून तयार केलेल्या फियाट. दुसऱ्या बाजूला संस्थानिक आणि उद्योगपतींनी विलायतेहून आणलेल्या, तिथल्या कारकिर्दीतून निवृत्त झालेल्या खऱ्या रेसिंग कार. विजय मल्ल्यांनी तर फॉर्म्युला वनमधली एन्साईन आणली होती. असल्या गाडीशी फियाट काय शर्यत लावणार? प्रेक्षकांना आवाज आणि वेग मिळे, पण होतकरू पोराला त्यातून वर जायला शिडी मिळत नसे.

महाराष्ट्राने तर या खेळाची जागतिक वरात दारातून जाताना पाहिली होती. १९६८ च्या नोव्हेंबरात लंडन ते सिडनी मॅरेथॉन निघाली. लंडनहून ९८ गाड्या सुटल्या. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून त्या दिल्लीत आल्या आणि तिथून आग्रा रोडने धुळे, नाशिक करत मुंबईत. रस्त्याच्या दुतर्फा माणसांच्या भिंती उभ्या होत्या, याचं नवल भाग घेतलेल्या परदेशी ड्रायव्हरांना पुढे कित्येक वर्षं वाटत राहिलं. मुंबईपर्यंत पोचल्या ७२ गाड्या. त्या ‘चुसान’ नावाच्या बोटीवर चढवून ऑस्ट्रेलियाला नेल्या. शेवटी जिंकली ती कुठली दिमाखदार स्पोर्ट्स कार नव्हे, तर हिलमन हंटर ही साधी कुटुंबाची चारदरवाजी गाडी. तिला या प्रवासासाठी तयार केलं होतं डेस ओ’डेल या इंजिनिअरने. मुंबईत ती सहाव्या क्रमांकावर होती. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या किती पोरांना त्या दिवशी गाड्यांचं वेड लागलं असेल, याची कुठे नोंद असणार? साध्या गाडीतूनही अव्वल काम काढता येतं हे त्या निकालाने जगाला दाखवलं. आपल्याकडे ते उमगायला आणखी वीस वर्षं लागली.

ऐंशीच्या दशकात बेंगळुरूच्या सिपानी कंपनीने डॉल्फिन नावाची छोटी गाडी काढली. मूळ इंग्लंडमधल्या रिलायंट किटनचं, फायबरग्लासच्या अंगाची. गिऱ्हाइकांना ती फारशी भावली नाही. दोनच दारं, आणि फायबरची गाडी म्हणजे खेळणं, असा समज. रेसिंगवाल्यांनी मात्र ती उचलून धरली, कारण ती वजनाला हलकी होती. करी त्यांच्यातलेच. हलकी गाडी वळणावर लवकर वळते, लवकर थांबते, आणि लहान इंजिनालाही झेपते, हे गणित डॉल्फिनने अनेकांना शिकवलं.

मग मारुती आली. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात पडली, ती तारीख आता इतिहासात गेली आहे. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. ताकद जेमतेम, पण वजन कमी, बनावट चोख आणि सुटे भाग गावोगाव. आणखी एक गोष्ट होती, जी घरच्या वापरात कुणाच्या लक्षात येत नाही. ॲम्बॅसडर-फियाटमध्ये इंजिन पुढे आणि ताकद जायची मागच्या चाकांना, मधून लांबलचक दांडा. मारुतीत इंजिन आडवं बसवलेलं, गिअरबॉक्स त्याला चिकटून, आणि चाकांकडे जाणारे दांडे तिथूनच निघालेले. सगळा संसार एका गठ्ठ्यात.

असा गठ्ठा तसाच उचलून ड्रायव्हरच्या पाठीमागे ठेवता येतो.

जगात हा धडा आधी गिरवला गेला होता. लंडनजवळच्या सर्बिटनमध्ये चार्ल्स आणि जॉन कूपर या बापलेकांनी १९४६ साली मोटारसायकलचं ५०० सीसीचं इंजिन छोट्या गाडीत ड्रायव्हरमागे बसवलं. त्यांच्या दृष्टीने ती सोय होती, कारण मोटारसायकलची चेन मागच्या चाकांना जोडायला तीच जागा सोपी. तेरा वर्षांत कूपरच्या मागच्या इंजिनाच्या गाडीने जॅक ब्रॅबहमला फॉर्म्युला वनचा जगज्जेता केलं, पुढच्या वर्षी पुन्हा केलं, आणि बाकी सगळ्यांना आपली इंजिनं मागे न्यावी लागली. गॅरेजमधल्या सोयीतून क्रांती झाली.

करींनी १९८८ साली फॉर्म्युला मारुती आणली ती याच जातीची. एक सीट, उघडी चाकं, इंजिन पाठीशी, आणि ते इंजिन शेजारच्या गॅरेजमधला मिस्त्रीही ओळखतो तेच. जगाच्या हिशेबात ही गाडी मामुली. युरोपातली तिच्या वर्गातली कुठलीही गाडी तिला सहज मागे टाकेल. पण तिची तुलना युरोपशी करणं चुकीचं आहे. तिची खरी बरोबरी ‘काहीच नाही’ याच्याशी होती. पिस्टन फुटला तर परवान्याची वाट न पाहता दुसऱ्या दिवशी नवा बसवता येईल, अशी एकआसनी रेसिंग कार या देशात तोवर कुणाला मिळत नव्हती. शिवाय सगळ्यांच्या गाड्या एकाच घडणीच्या, म्हणजे कुणाच्या वडिलांनी किती पैसे ओतले यापेक्षा ब्रेक कुठे दाबला आणि वळणातून कसं बाहेर पडलं याला किंमत आली. करींच्या सगळ्या कामात हा भाग सर्वांत मोलाचा. वेगवान गाडी बनवणारे पुष्कळ असतात. त्यांनी तर एक शाळाच उभी केली.

दोन वर्षांनी, १९९० मध्ये, मद्रासच्या क्लबने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला खास ट्रॅक उभारला. आता गाडी होती आणि ती चालवायला जागाही होती. १९९२ साली तिथे कोइमतूरचा एक पंधरा वर्षांचा मुलगा फॉर्म्युला मारुतीत बसला आणि आयुष्यातल्या पहिल्याच शर्यतीत पहिल्या तिघांत आला. नारायण कार्तिकेयन. वडील जी. आर. कार्तिकेयन स्वतः नाणावलेले रॅली ड्रायव्हर. मुलगा त्याच वर्षी फ्रान्सच्या विनफिल्ड रेसिंग स्कूलमध्ये शिकायला गेला आणि १९९३ साली परत येऊन पुन्हा फॉर्म्युला मारुतीतच धावला.

त्या पहिल्या शर्यतीनंतर तेरा वर्षांनी, मार्च २००५ मध्ये, मेलबर्नला जॉर्डनच्या पिवळ्या गाडीतून फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय तोच. त्याच वर्षी जूनमध्ये इंडियानापोलिसला टायरच्या भांडणामुळे फक्त सहा गाड्या धावल्या आणि त्यात तो चौथा आला. त्या पाच गुणांना काही जण नाकं मुरडतात. मुरडोत बापडे. इंडियानापोलिसपर्यंत पोचायची वाट तरी कुणी त्याला आयती दिली नव्हती. आणि ७९६ सीसीपासून सुरू झालेली ती वाट कुठवर गेली, हे पाहायला करी नव्हते.

या ठिकाणी इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींची आठवण येणं अपरिहार्य आहे. त्यांनी १९४९ च्या सुमारास स्वतःच्या कल्पनेने छोटी मोटार बनवली, तिला ‘मीरा’ नाव दिलं, आणि सत्तरच्या दशकापर्यंत एकामागून एक सुधारित नमुने काढत राहिले. कारखान्यातून मीरा कधी बाहेर पडलीच नाही. हुन्नर दोघांकडे होता, गावं दोन्ही सुताच्या धाग्यावर जगणारी. शंकररावांना हवा होता मोठा कारखाना, म्हणजेच सरकारचा होकार. तो काळ परवान्यांचा होता आणि होकार मिळाला नाही. करींना हजारो गाड्या विकायच्या नव्हत्या, शर्यतीच्या ओळीत उभ्या करायला थोड्याशा पुरे होत्या. तेवढी मोकळीक मिळाल्यावर काय होऊ शकतं ते दिसलं. मीराला तेवढी तरी मिळायला हवी होती, असं मनापासून वाटतं.

करी गेल्यावर त्यांचं काम थांबलं नाही याचं श्रेय कोइमतूरच्या माणसांना आहे. एल. जी. बालकृष्णन अँड ब्रदर्स या चेन बनवणाऱ्या कंपनीचे बी. विजयकुमार यांनी चेट्टीपालयमला दोन किलोमीटरहून थोडा मोठा ट्रॅक बांधला आणि २००३ साली तो सुरू झाला. त्याचं नाव ‘करी मोटर स्पीडवे’. याच मंडळींच्या पाठबळावर फॉर्म्युला मारुतीच्या पुढच्या पायऱ्या आल्या, त्यातली एक फॉर्म्युला एलजीबी, आता स्विफ्टच्या इंजिनावर.

पुतळा कोइमतूरला परवडला नसता असं नाही. पण करींच्या मित्रांनी डांबर ओतलं.

आता त्या डांबरावर दर वर्षी ‘फॉर्म्युला भारत’ ही इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा भरते. मुंबई-पुण्याचे संघ आपली गाडी टेम्पोत बांधून कोइमतूरला नेतात. विद्याविहारच्या सोमय्या महाविद्यालयाची ओरायन रेसिंग, पवईची आयआयटी बॉम्बे रेसिंग ही नावं या जगात सगळ्यांच्या ओळखीची. बऱ्याच संघांच्या गाडीत चाकणला तयार होणारं केटीएम ३९० चं इंजिन असतं, म्हणजे करींनी मारुतीबरोबर जे केलं तेच ही पोरं मोटारसायकलबरोबर करतात. चासीचे पाइप वाकवून, कापून, जोडून घ्यायला त्यांना गाळ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. वेल्डिंगवाल्या काकांना आधी समजावून सांगावं लागतं की हे गेट नाही, ग्रिल नाही, या जोडावर माणूस बसणार आहे. एकदा पटलं की तेच काका रात्री उशिरापर्यंत थांबतात.

ट्रॅकवर पोचल्यावरही लगेच धावता येत नाही. परीक्षक प्रत्येक जोड बोटाने चाचपतात, हा पाइप इतक्याच जाडीचा का घेतला म्हणून विचारतात, आणि उत्तर ‘सीनिअरनी घेतला होता’ असं आलं तर गुण कापतात. मग ब्रेकची परीक्षा, जिच्यात चारही चाकं एकदम जाम व्हावी लागतात. आणि त्याआधी तिरपं करण्याची चाचणी. गाडी एका फळीवर बांधतात आणि फळी एका अंगाने उचलत साठ अंशांपर्यंत नेतात. त्या अवस्थेत पेट्रोल, ऑइल, पाणी, काहीही गळता कामा नये. अकरा महिने जागलेली सगळी टोळी तेव्हा करींच्या ट्रॅकच्या कडेला गुडघ्यांवर बसलेली असते, माना वाकड्या करून, श्वास रोखून, गाडीच्या पोटाखाली एखादा थेंब दिसतो का ते बघत.