फटाक्यांचे पर्यावरणावरील व आरोग्यावरील परिणाम

सण, लग्नाच्या वराती, मिरवणुका व विजयोत्सव अशा प्रसंगी उडवल्या जाणाऱ्या शोभेच्या दारूमुळे हवा, पाणी, माती, मानवी शरीर आणि पशुपक्षी यांच्यावर होणाऱ्या परिणामांना एकत्रितपणे फटाक्यांचे पर्यावरणावरील व आरोग्यावरील परिणाम असे म्हटले जाते. महाराष्ट्रात फटाक्यांचा सर्वाधिक वापर दिवाळीत होतो. या विषयावरील सार्वजनिक चर्चा दीर्घकाळ प्रामुख्याने आवाजाभोवती फिरत राहिली. पुण्यात झालेल्या मोजमापांनी मात्र असे दाखवून दिले, की आवाज न करणारे व लहान मुलांच्या हाती विश्वासाने दिले जाणारे काही फटाके धुराच्या दृष्टीने अधिक घातक असतात. फटाक्यांची सुरक्षितता व संशोधन यांच्याशी निगडित दोन राष्ट्रीय संस्थांची मुख्यालये विदर्भात, नागपूर येथे आहेत : पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना (पेसो) आणि राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी).

इतिहास

भारतातील शोभेच्या दारूच्या इतिहासाचा पद्धतशीर अभ्यास पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी केला. इ.स. १४०० ते १९०० या कालखंडातील आतषबाजीविषयीचे उल्लेख त्यांनी संस्कृत, मराठी व परदेशी प्रवाशांच्या लेखनातून एकत्र केले. १४४३ मध्ये विजयनगरास आलेला इराणी राजदूत अब्दुर रझाक याने तेथील महानवमी उत्सवातील आतषबाजीचे वर्णन केले आहे. मराठी वाङ्मयात संत एकनाथांच्या ‘रुक्मिणी स्वयंवर’ या सोळाव्या शतकातील काव्यात विवाहप्रसंगीच्या शोभेच्या दारूचा उल्लेख येतो. सवाई माधवरावांच्या काळात महादजी शिंदे यांनी पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी दारूकामाचा सोहळा घडवून आणल्याची हकीकत पेशव्यांच्या बखरीत आहे.

या काळात आतषबाजी हा प्रामुख्याने राजदरबार, देवस्थाने व श्रीमंतांचे विवाह यांपुरता मर्यादित खर्चिक प्रकार होता. विसाव्या शतकात तमिळनाडूतील शिवकाशी येथे या उद्योगाचा विस्तार झाल्यानंतर स्वस्त फटाके गावोगावच्या दुकानांत पोहोचले आणि घरोघरी फटाके उडवण्याची प्रथा रूढ झाली.

रासायनिक घटक

पारंपरिक काळ्या दारूत सुमारे ७५ टक्के सोरा (पोटॅशियम नायट्रेट), १५ टक्के कोळसा व १० टक्के गंधक असते. आवाजी फटाके, फुलबाज्या व भुईनळे यांत ॲल्युमिनियमची पूड वापरली जाते. ज्वलनाच्या वेळी रंग उत्पन्न होण्यासाठी पुढील धातू किंवा त्यांचे क्षार मिसळतात :

* लाल – स्ट्रॉन्शियम
* हिरवा – बेरियम
* निळा – तांबे
* पिवळा – सोडियम
* पांढरा – मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियम

फटाका जळाला म्हणजे त्यातील धातू नाहीसे होत नाहीत. ते ऑक्साइड व इतर संयुगांच्या सूक्ष्म कणांच्या रूपाने आधी हवेत आणि नंतर जमिनीवर व पाण्यात जातात. आरोग्यास असलेला धोका लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अँटिमनी, लिथियम, पारा, आर्सेनिक व शिसे यांच्या, तर २०१८ मध्ये बेरियमच्या क्षारांच्या वापरावर बंदी घातली. गंधक व क्लोरेट यांचे मिश्रण घर्षणाने अकस्मात पेट घेत असल्यामुळे त्यावर १९९२ पासूनच बंदी आहे.

हवेचे प्रदूषण

फटाक्यांच्या धुरात सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे, कार्बन मोनॉक्साइड आणि तरंगते सूक्ष्मकण असतात. यांपैकी २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे कण (पीएम २.५) फुप्फुसांच्या अगदी आतल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. भारतीय मानकानुसार हवेतील पीएम २.५ची २४ तासांची सरासरी प्रति घनमीटर ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ मायक्रोग्रॅम सुचवली आहे.

पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशन व सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांच्या संशोधकांनी सहा प्रकारचे फटाके, ते उडवणारी व्यक्ती साधारणतः ज्या अंतरावर उभी असते, त्या अंतरावरून तपासले. २०१६ मध्ये प्रसिद्धीस आलेल्या या मोजणीत पीएम २.५ची कमाल पातळी (मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर) पुढीलप्रमाणे आढळली :

* नागगोळी – ६४,५००
* हजार फटाक्यांची माळ – ३८,५४०
* पुलपुल – २८,९५०
* फुलबाजी – १०,३९०
* भुईचक्र – ९,४९०
* भुईनळा (अनार) – ४,८६०

हे आकडे अल्पकाळ टिकणाऱ्या कमाल पातळीचे असल्याने त्यांची २४ तासांच्या मानकाशी थेट तुलना करता येत नाही. तथापि, त्यांतून एक बाब स्पष्ट होते. जी नागगोळी निरुपद्रवी समजून लहान मुलांना दिली जाते व जिच्याजवळ मुले वाकून बसतात, तिचा धूर हजाराच्या माळेपेक्षाही दाट असतो. शहराच्या हवेची दिवसभराची सरासरी काढताना हा धोका आकड्यांत दिसत नाही, कारण तो फटाका पेटवणाऱ्याच्या हातभर अंतरावर व काही मिनिटांपुरता असतो.

दिवाळीचा काळही प्रदूषणास अनुकूल असतो. आश्विन अमावास्येच्या सुमारास पावसाळा संपलेला असतो, रात्री थंड होऊ लागतात आणि वारा मंदावतो. जमिनीलगतची थंड हवा वरच्या तुलनेने उबदार थराखाली अडकते. त्यामुळे रात्री सोडलेला धूर वर न जाता पहाटेपर्यंत वस्तीवर रेंगाळतो.

ध्वनिप्रदूषण

१९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार, स्फोटाच्या ठिकाणापासून ४ मीटर अंतरावर १२५ डेसिबल (एआय) किंवा १४५ डेसिबल (सी, शिखर) यांहून अधिक आवाज करणाऱ्या फटाक्यांचे उत्पादन, विक्री व वापर यांस मनाई आहे. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. म्हणजेच चार मीटरवर नियमात बसणारा फटाका एक मीटरवर उभ्या असलेल्या मुलाच्या कानाशी सुमारे १२ डेसिबल अधिक तीव्र असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मुलांच्या कानावर पडणारा क्षणिक आवाज १२० डेसिबलच्या वर जाऊ नये. अशा आवाजाने अंतर्कर्णातील केशपेशींना इजा झाल्यास त्या पुन्हा निर्माण होत नाहीत आणि बहिरेपणा कायमचा राहू शकतो.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ दिवाळीत राज्यातील शहरांमध्ये ध्वनिपातळीची नोंद घेते. मुंबईत आवाज फाउंडेशन ही संस्था सणांतील ध्वनीच्या मोजण्या करून निष्कर्ष जाहीर करत आली आहे.

आरोग्यावरील परिणाम

धुरामुळे दमा व दीर्घकालीन श्वसनरोग असलेल्या रुग्णांचा त्रास बळावतो. सल्फर डायऑक्साइडमुळे श्वासनलिका आकुंचन पावतात. सूक्ष्मकणांचा संबंध हृदयविकाराशीही आहे. लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध व पूर्वीपासून श्वसनरोग असलेल्या व्यक्तींना धोका अधिक असतो. सणाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे रस्ते झाडणाऱ्या सफाई कामगारांचा दारूची राख व धातूयुक्त धूळ यांच्याशी थेट संपर्क येतो.

भाजणे व डोळ्यांस इजा होणे या सर्वाधिक आढळणाऱ्या दुखापती होत. त्या केवळ फटाका उडवणाऱ्यालाच नव्हे, तर शेजारी उभ्या असलेल्या बघ्यांनाही होतात. न फुटलेला फटाका पाहण्यासाठी वाकणे हे त्यांचे एक प्रमुख कारण आहे. २०२५ च्या दिवाळीत कॅल्शियम कार्बाइडवर चालणाऱ्या घरगुती ‘कार्बाइड गन’मुळे मध्य प्रदेशात अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. भाजलेल्या जागेवर हळद, शाई वा टूथपेस्ट न लावता ती सुमारे २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावी आणि इजा झालेला डोळा न चोळता रुग्णास तत्काळ नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे, असा वैद्यकीय सल्ला दिला जातो.

पाणी, माती व पशुपक्षी

फटाक्यांतील पर्क्लोरेट हे संयुग पाण्यात सहज विरघळते व थायरॉइड ग्रंथीच्या आयोडीन शोषणात अडथळा आणते. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात एडा येथील एका तलावात आतषबाजीनंतर पर्क्लोरेटची पातळी अनेक पटींनी वाढल्याचे व ती पूर्ववत होण्यास काही आठवडे लागल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

नेदरलँड्समधील रडार-निरीक्षणांत, नववर्षाच्या मध्यरात्री फटाके वाजू लागताच हजारो पक्षी एकाच वेळी आकाशात झेपावत असल्याचे दिसून आले. तमिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यातील वेट्टंगुडी पक्षी अभयारण्यालगतचे ग्रामस्थ पक्ष्यांच्या विणीत व्यत्यय येऊ नये म्हणून अनेक वर्षांपासून दिवाळीत फटाके उडवत नाहीत. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरास २०२० मध्ये रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला आहे. स्थलांतरित पक्ष्यांच्या आगमनाचा काळ दिवाळीला लागूनच येतो.

ग्रामीण भागातील स्थिती

हवा व ध्वनी यांच्या नियमित मोजणीची केंद्रे मुख्यतः शहरांत आहेत. त्यामुळे खेड्यांतील दिवाळीच्या रात्रीची नोंद क्वचितच होते. खेड्यांतील धोक्याचे स्वरूपही काहीसे वेगळे असते. बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीन व कापूस ही खरिपाची प्रमुख पिके आहेत. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची सुडी शेतात वा खळ्यावर लागलेली असते, वेचलेला कापूस घरात साठवलेला असतो आणि गोठ्यालगत कडब्याच्या गंज्या व कुटाराचे ढीग असतात. उंच जाऊन दूरवर पडणारा एक बाण वर्षभराचे उत्पन्न भस्मसात करण्यास पुरेसा ठरू शकतो. दावणीस बांधलेली जनावरे आवाजाने बिथरतात. त्यांना पळून जाण्यास वाव नसतो.

कायद्याने रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव विवेकानंद आश्रम व त्याच्या शैक्षणिक संस्थांमुळे ओळखले जाते. अशा गावांत शाळा, दवाखाना व घरे एकमेकांजवळ असल्याने १०० मीटरच्या या मर्यादेत वस्तीचाही भाग येतो.

दुर्घटना

२९ ऑक्टोबर २०१६ रोजी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील जिल्हा परिषद मैदानावरील फटाका बाजारास आग लागून शंभराहून अधिक दुकाने जळाली. १ जानेवारी २०२३ रोजी सोलापूर जिल्ह्याच्या बार्शी तालुक्यातील फटाका कारखान्यात झालेल्या स्फोटात महिला कामगार मृत्युमुखी पडल्या. त्याच वर्षी ८ डिसेंबरला पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर लावल्या जाणाऱ्या शोभेच्या मेणबत्त्यांच्या कारखान्यास आग लागून अनेक महिला कामगारांचा मृत्यू झाला. केरळमधील परवूर येथे १० एप्रिल २०१६ रोजी मंदिरातील आतषबाजीच्या वेळी शंभराहून अधिक लोक दगावले.

कायदेशीर तरतुदी

* स्फोटके नियम, २००८ : सणांसाठीची तात्पुरती दुकाने न जळणाऱ्या साहित्याची असावीत, परस्परांपासून किमान ३ मीटर अंतरावर असावीत, समोरासमोर नसावीत आणि एका समूहात ५० हून अधिक नसावीत.
* सर्वोच्च न्यायालय, १८ जुलै २००५ : रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजी फटाक्यांवर बंदी.
* सर्वोच्च न्यायालय, २३ ऑक्टोबर २०१८ (अर्जुन गोपाळ खटला) : केवळ हरित व कमी उत्सर्जनाच्या फटाक्यांना परवानगी, दिवाळीत रात्री ८ ते १० ही वेळ, माळा, बेरियमचे क्षार व ऑनलाइन विक्री यांवर बंदी. हे निर्देश केवळ दिल्लीपुरते नसून संपूर्ण देशास लागू असल्याचे न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२३ रोजी स्पष्ट केले.
* मुंबई उच्च न्यायालय, नोव्हेंबर २०२३ : मुंबईतील हवेची खालावलेली गुणवत्ता पाहून फटाक्यांसाठी आधी सायंकाळी ७ ते १० व नंतर रात्री ८ ते १० अशी वेळमर्यादा घातली.

हरित फटाके

नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेले कमी प्रदूषणकारी फटाके २०१९ पासून बाजारात आले. ‘स्वास’, ‘स्टार’ व ‘सफल’ हे त्यांचे मुख्य प्रकार होत. यांपैकी ‘स्वास’ प्रकारात फुटताना पाण्याची वाफ बाहेर पडून काही धूळ खाली बसते, तर ‘सफल’ प्रकारात ॲल्युमिनियमचे प्रमाण कमी असते. खरेपणा पडताळण्यासाठी वेष्टनावर क्यूआर कोड छापला जातो. या फटाक्यांपासून सूक्ष्मकणांचे उत्सर्जन सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. उर्वरित सुमारे ७० टक्के उत्सर्जन मात्र कायम राहते. त्यामुळे ‘हरित’ याचा अर्थ ‘प्रदूषणरहित’ असा होत नाही.

जनजागृती

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने शाळांमधून फटाकेमुक्त दिवाळीची मोहीम चालवली. विद्यार्थी फटाके न उडवण्याचा संकल्प करतात आणि वाचलेल्या पैशांतून पुस्तके वा अन्य उपयुक्त वस्तू घेतात, असे तिचे स्वरूप आहे. २०१७ मध्ये राज्य शासनानेही प्रदूषणमुक्त दिवाळीची शपथ विद्यार्थ्यांना देण्याचा उपक्रम हाती घेतला. पणत्या, आकाशकंदील, रांगोळी, फराळ, किल्ले बांधणी व दिवाळी अंक ही महाराष्ट्रातील दिवाळीची ठळक वैशिष्ट्ये फटाक्यांवर अवलंबून नसल्याकडे अशा उपक्रमांतून लक्ष वेधले जाते.

हे सुद्धा पहा

* दिवाळी
* ध्वनिप्रदूषण
* वायुप्रदूषण
* लोणार सरोवर
* शिवकाशी