मावळ्यांची धास्ती

मालेजवळ मुळशी धरणाच्या काठावर उभं राहिलं की मला खोल पाण्याची भीती वाटते. दोन पावलं मागे सरकलो की ती जाते. शंभर वर्षांपूर्वीच्या मावळ्यांना मागे सरकायला जागाच नव्हती. जमीन रीतसर ताब्यात येण्याआधीच टाटा कंपनीने शेतांत चाचणीचे चर खणले. आपल्या शेतात आपलंच चालत नाही, ही ती धास्ती. तिला मनाचा आजार कसं म्हणावं?

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. बायकापोरांसह माणसं धरणाच्या जागी जाऊन बसली. ‘जान किंवा जमीन!’ काम थांबलं. पुढे पुण्याच्या सावकारांनी मोबदला पत्करला. १९२४ अखेर लढा संपला. बापट ‘सेनापती’ झाले ते इथेच. गावं मात्र पाण्याखाली गेली.