अफू आणि तिचे दिवस

बीड जिल्ह्यातील तेलगाव हे साखर कारखान्याचे गाव. ऊस तोडणाऱ्याच्या पायावर कोयता बसला, हाड मोडले, तर तो ठणका शमविण्यास अफूच्या सत्त्वाइतके, म्हणजे मॉर्फीनइतके, समर्थ औषध क्वचितच सापडेल. परंतु ज्याच्या पोटात अफूचा अंश पूर्वी कधी गेलेला नाही, त्यास ते किती दिवस द्यावे, हा प्रश्न जुना आहे.

आपल्या वैद्यकात शार्ङ्गधरसंहितेत अहिफेनाचा उल्लेख येतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेर्ट्युर्नर या जर्मन औषधकाराने मॉर्फीन वेगळे काढले. १८५३ च्या सुमारास ते सुईने टोचण्याची रीत निघाली. टोचल्याने चटक लागत नाही, असे कित्येक डॉक्टर तेव्हा समजत. त्या समजुतीची किंमत रोग्यांनी दिली.

मुंबईत तर नवख्याचे वय महिन्यांत मोजावे लागे. गिरणीत जाणारी आई तान्ह्यास अफूची बाळगोळी चाटवून निजवी. सरकारी कामगार खात्याच्या डॉ. बार्न्सबाईंनी १९२२ च्या सुमारास पाहणी केली, तेव्हा कामकरी स्त्रियांच्या शंभरांपैकी ९८ बालकांस अफू दिली जाते असे आढळले. त्या आयांस दोष देण्यास मन धजत नाही. रोज बुडाला तर चूल पेटत नसे. पण ही मात्रा थांबवावयाची केव्हा, हे सांगणारा तेथे कोणी नव्हता.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ चा अफूचा आणि १९३० चा घातक औषधांचा, असे कायदे होते. तेलगाव निजामाच्या राज्यात. तिकडे ते लागू झाले १९५० साली. पुढे १९८५ च्या कायद्याने परवान्यांचे जाळे इतके आवळले की १९९७ पर्यंत देशाचा मॉर्फीनचा वापर अवघ्या १८ किलोंवर आला. चटकेच्या धास्तीने कर्करोगाचे रोगी तळमळत राहिले. हा मला अन्यायच वाटतो. २०१४ च्या दुरुस्तीने गाठ काहीशी सैल झाली.

अमेरिकेत याच्या अगदी उलट घडले. तेथे ही औषधे सढळ हाताने दिली गेली. २०१७ साली तेथील नवख्या रोग्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला: निदान एक दिवस औषध मिळालेल्यांत शेकडा ६, तर आठ वा अधिक दिवसांचे मिळालेल्यांत शेकडा १३.५ लोक वर्षानंतरही ते घेत होते. आणि धोका तिसऱ्या दिवसापासूनच चढू लागे. आपल्याकडे ट्रॅमाडॉल ही त्याच जातीची सौम्य गोळी २०१८ साली कायद्याच्या कक्षेत आली.